काविळीची लस : एकदा टोचली की किती वर्षे?

धनुर्वाताची सुई ठराविक वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. शाळकरी मुलांना दहाव्या व सोळाव्या वर्षी ती टोचली जाते, तेव्हा पालक साहजिकच विचारतात, "मग तान्हेपणी टोचलेल्या काविळीच्या लसीचा जोर आता संपला असेल ना? तीही पुन्हा घ्यायची का?" मुलगी नर्सिंगच्या किंवा लॅबच्या शिक्षणास निघाली की हाच प्रश्न पुन्हा निघतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजले तर विनाकारण होणारा खर्च वाचेल, आणि जेथे खरी निकड आहे तेथे आपले लक्ष जाईल. म्हणून या महोत्सवाच्या अंकात त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या नार्नूर भागात डोळे पिवळे झाले की त्या सर्वांस आपण 'कावीळ' या एकाच नावाने ओळखतो. वास्तविक कावीळ हे यकृत बिघडल्याचे लक्षण आहे, आणि यकृत बिघडविणारे विषाणू अनेक आहेत. पावसाळ्यात दूषित पाण्यातून व अन्नातून येणारी कावीळ बहुधा 'ए' किंवा 'ई' या विषाणूंची असते. ज्या लसीविषयी आपण बोलत आहोत ती 'बी' विषाणूची आहे. तेव्हा लस घेतलेल्या मुलाला श्रावणात कावीळ झाली, तर "लस फुकट गेली" असे म्हणू नये. ते दुखणे बहुतेक वेळा वेगळ्याच विषाणूचे असते.

'बी' विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणाच्या वेळी मातेकडून बालकास लागतो. एका ताटात जेवल्याने, हात मिळविल्याने वा जवळ बसल्याने तो लागत नाही. मात्र वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो निदान ७ दिवस टिकून राहतो. त्यामुळे न उकळलेली सुई, गोंदण्याची सुई, कान टोचण्याची तार, सुंतेचा वस्तरा, न्हाव्याचे पाते, यांपैकी कशातूनही तो एकाचा दुसऱ्याला लागू शकतो. २००९ साली गुजरातमधील मोडासा येथे वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे या रोगाची मोठी साथ उद्भवली व अनेक माणसे दगावली.

या विषाणूची दुसरी खोड अधिक वाईट आहे. प्रौढ माणसाला तो लागला तर बहुतेकांचे शरीर त्याला हुसकावून लावते; शंभरांत पाचांहूनही कमी लोकांत तो ठाण मांडतो. परंतु जन्मतःच लागला तर शंभरांतील सुमारे नव्वद बालकांत तो कायमचा मुक्काम करतो. मूल हसते-खेळते दिसते, शाळेत जाते, आणि तीस-चाळीस वर्षांनी, ऐन कर्त्या वयात, यकृत निबर होते किंवा त्यात कर्करोग निघतो.

या विषाणूचा माग प्रथम अमेरिकन शास्त्रज्ञ बारूख ब्लुमबर्ग यांना लागला. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलेल्या पदार्थाविषयी त्यांनी १९६५ मध्ये लिहिले, व १९७६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिली लस १९८१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिन यीस्टच्या पेशींकडून बनवून घेण्याची युक्ती १९८६ पासून प्रचारात आली. आपल्या देशात अशी लस प्रथम तयार करण्याचा मान आपल्या हैदराबादेस आहे. तेथील शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ मध्ये ती बाजारात आणली आणि परदेशी लसीची न परवडणारी किंमत पुष्कळ खाली आली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लस टोचल्यावर शरीर दोन गोष्टी करते. पहिली, रक्तात प्रतिद्रव्ये तयार करते. रक्ताच्या तपासणीत यांचेच माप कळते, आणि १० एकक किंवा त्याहून अधिक भरले म्हणजे संरक्षण आहे असे मानतात. ही प्रतिद्रव्ये वर्षानुवर्षे कमी होत जातात. तान्हेपणी लस घेतलेल्या पुष्कळ मुलांत वयाच्या पंधराव्या-विसाव्या वर्षी माप १० च्या खाली येते. कागदावरील हा आकडा पाहून घरची मंडळी घाबरतात.

परंतु दुसरी गोष्ट तपासणीच्या कागदावर दिसत नाही. शत्रूची ओळख पक्की लक्षात ठेवणाऱ्या काही पेशी शरीर राखून ठेवते. ज्या मुलाचा सतराचा पाढा पाठ आहे तो काही दिवसभर तो घोकत बसत नाही. विचारल्याबरोबर मात्र धडाधड म्हणून दाखवितो. या पेशींचे तसेच आहे. विषाणू अंगात शिरला की त्या काही दिवसांतच नवी प्रतिद्रव्ये उभी करतात. 'बी' विषाणूला मात्र रोग उत्पन्न करण्यास एक ते सहा महिने लागतात. शत्रू संथ आणि पहारेकरी चपळ, म्हणून आकडा उतरला तरी संरक्षण उरते.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतील अलास्का या अतिथंड प्रांतात १९८१ मध्ये तेथील १,५७८ आदिवासींना ही लस दिली होती. ३० वर्षांनी, मधे एकही जादा डोस न घेतलेल्या २४३ जणांची तपासणी झाली. त्यांतील ५१ टक्के लोकांत प्रतिद्रव्ये अजून पुरेशी होती. ज्यांत ती कमी होती त्यांतील ८५ जणांना एक डोस देऊन पाहिला, तेव्हा ७५ जणांच्या शरीराने महिन्याभरात पुरेशी प्रतिद्रव्ये तयार केली. म्हणजे दहांतील नऊ जणांत संरक्षण शाबूत होते. तैवान देशाने १९८४ मध्ये नवजात बालकांना लस देण्यास आरंभ केला. तेथे पूर्वी शंभर मुलांत सुमारे दहा मुले या विषाणूची वाहक असत. पंधरा वर्षांत ते प्रमाण शंभरांत एकाहूनही खाली आले, आणि मुलांमधील यकृताचा कर्करोगही घटला.

या सर्व अनुभवावरून जागतिक आरोग्य संघटना म्हणते की, पूर्ण लसीकरणाचे संरक्षण निदान २० वर्षे आणि बहुधा जन्मभर टिकते. निरोगी माणसाने दर पाच-दहा वर्षांनी पुन्हा डोस घेण्याचे कारण नाही.

यास अपवाद थोडे आहेत. ज्यांचे डायलिसिस चालू आहे त्यांनी दरवर्षी माप पाहून जरूर तर डोस घ्यावा. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नर्स, लॅबमधील कामगार व रुग्णालयातील सफाई कामगार यांनी शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. कारण काही प्रौढांच्या शरीरावर लसीचा परिणामच होत नाही, व त्यांना तिन्ही डोस पुन्हा द्यावे लागतात.

खरी चिंता दुसरीकडे आहे. जन्मभराचे हे संरक्षण पूर्ण डोस घेतलेल्यांनाच मिळते. सरकारी लसीकरणात ही लस २००७-०८ मध्ये महाराष्ट्र व तेव्हाचा आंध्र प्रदेश यांसह दहा राज्यांत आली, व २०११-१२ मध्ये देशभर. म्हणजे त्यापूर्वी जन्मलेल्या आपल्यातील बहुतेकांना ती मिळालेलीच नाही. त्यांच्या बाबतीत "किती वर्षे पुरते" हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांनी आधी रक्त तपासून घ्यावे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने शून्य, एक व सहा महिने या क्रमाने तीन डोस घ्यावेत. मधे खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. राहिलेला डोस घेतला म्हणजे झाले. ज्यांच्या रक्तात विषाणू आढळेल त्यांच्यासाठी २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधोपचार मोफत आहेत.

बालकाचा पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पडला पाहिजे. पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या सुयांतूनही ही लस मिळते. पण मातेकडून आलेल्या विषाणूस अडविण्याचे काम मुख्यतः पहिलाच डोस करतो. तांड्यावर, गुड्यावर वा शेतातील घरी बाळंतपण झाले की हाच डोस चुकतो. यासाठी बाळंतपण दवाखान्यात व्हावे, आणि घरी झालेच तर त्याच दिवशी आशाताईंस निरोप जावा.

संस्थेच्या सभासदांस एवढीच विनंती की, हा अंक वाचून झाल्यावर घरातील लसीची कार्डे काढून पाहावीत. ज्या मुलाच्या कार्डावर सर्व डोसांची नोंद आहे त्याच्याविषयी निश्चिंत असावे. ज्याचे कार्ड कोरे आहे, किंवा ज्याला कार्डच नाही, त्याचा दिवस ठरवावा. मग तो नातू असो की आजोबा.