टॅब आवरा, स्पीड वाढवा!

सावद्याला मामांकडे गेले होते. केळीच्या पीक विम्याचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, आणि मामांच्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर क्रोम हँग! ‘नेट स्लो असेल गं,’ मामा म्हणाले. नेट कसलं? सकाळपासून मीच उघडून ठेवलेले २७ टॅब!

२००८मध्ये आलेला क्रोम टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो. एक कोसळला तरी बाकीचे शाबूत. पण त्यासाठी रॅम जास्त लागते. ती भरली की सगळंच रांगायला लागतं.

मग काय, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं. क्रोमचा टास्क मॅनेजर हजर! सगळ्यात खादाड टॅब शोधून ‘एंड प्रोसेस’ केले. फक्त अर्धवट फॉर्मचा टॅब सांभाळा, नाहीतर भरलेलं सगळं जाईल. नको ती एक्स्टेन्शन्स काढली. सेटिंग्जमधला मेमरी सेव्हर ऑन केला. न वापरलेले टॅब तो झोपवतो. आणि हो, कॅश पुसून रॅम मोकळी होत नाही; उलट नेहमीच्या साइट्स पुढच्या वेळी हळू उघडतात.

फॉर्म सबमिट झाला. मामा हसले, ‘केळीचंही असंच. जास्तीची पिलं काढली नाहीत, तर घड बारीक राहतो.’

तुमची किती पिलं उघडी आहेत?