टोक बसलं म्हणजे जुळलंच असं नाही

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षं संसार केलेल्या मराठी घराच्या बेसमेंटमध्ये एक खोका हमखास सापडतो. वर मार्करने ‘वायरी’ एवढंच लिहिलेलं. आत प्रिंटरची जाडजूड केबल, निळ्या टोकाची मॉनिटरची केबल, कॅमकॉर्डरची एक बारीक टोकाची केबल आणि तळाशी रबरबँड लावलेल्या चार-पाच टेप. दर वेळी घर बदलताना ‘राहू दे, लागेल कधीतरी’ म्हणून तो खोका पुढच्या घरी जातो. मंडळी, आमचं म्हणणं असं, की ते ‘कधीतरी’ आता आलं आहे. त्या टेपांवर आजी-आजोबांचे आवाज आहेत, मुलांची बारशी आहेत. टेप झिजते हे खरंच; पण त्याआधी ती वाजवणारी यंत्रं आणि ती संगणकाला जोडण्याची सोय नाहीशी होते आहे.

आम्ही पडलो इंजिनिअर. त्यामुळे ‘अमुकची केबल तमुकला लागेल का हो?’ हे फोन आम्हाला नेहमीचे. उत्तर देताना आम्ही दोन गोष्टी वेगळ्या करतो. पहिली टोकाचा आकार आणि दुसरी आतून जाणाऱ्या सिग्नलची भाषा. आकार म्हणजे मुलाचा फोटो, भाषा म्हणजे पत्रिका. फोटो आवडला म्हणून कोणी मुहूर्त काढत नाही!

जिथे भाषा एकच असते, तिथे साधं दोन-चार डॉलरचं टोक पुरतं. डीव्हीआय आणि त्यानंतर २००२ साली आलेलं एचडीएमआय यांचा डिजिटल चित्र पाठवण्याचा मार्ग एकच आहे. म्हणून जुना डीव्हीआय मॉनिटर एचडीएमआयवर सहज चालतो. आवाज मात्र बहुधा वेगळ्या वायरने न्यावा लागतो. याउलट १९८७ सालचं निळ्या टोकाचं व्हीजीए हे ॲनालॉग. त्याचं एचडीएमआय करायचं तर मध्ये चिप असलेला दुभाष्या हवा. दुभाष्याला वीजही लागते आणि बहुतेकदा त्याला एकाच दिशेने बोलता येतं. व्हीजीएवरून एचडीएमआयकडे जाणारा डबा उलटा लावून चालत नाही. विकत घेताना खोक्यावरचा बाण बघा. निम्मे परतीचे फेरे तिथेच वाचतील.

यूएसबीची गंमत उलटी आहे. १९९६ साली ते आलं, ते घरोघरचा वायरींचा गुंता सोडवायलाच. इंटेलमध्ये त्यावर काम करणाऱ्यांपैकी प्रमुख अजय भट्ट हे वडोदऱ्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. पुढे २०१४ साली आलेल्या यूएसबी-सी टोकाने आकाराचा प्रश्न जवळजवळ मिटवला, पण भाषेचा वाढवला. दिसायला जुळ्या बहिणींसारख्या दोन केबली घ्या. एक फोन चार्ज करते आणि सेकंदाला ४८० मेगाबिटवर थांबते. दुसरी ४० गिगाबिट नेते आणि टीव्हीवर चित्रही दाखवते. म्हणून नवी केबल आली, की तिच्यावर चिठ्ठी लावा. स्वयंपाकघरात मीठ आणि पिठीसाखर एकसारख्या बरण्यांत ठेवत नाही ना, तसंच!

आता खोक्याच्या तळाकडे वळू. मिनी-डीव्ही टेपवरचं चित्रण मुळातच डिजिटल असतं आणि ते बाहेर काढायची वाट म्हणजे फायरवायर. बाजारात फायरवायरचं टोक यूएसबीत बसवणारे स्वस्त तुकडे मिळतात. ते घेऊ नका. त्यात दुभाष्या नसतो, नुसता आकार बदललेला असतो. शिवाय फायरवायरच्या सहा पिनांच्या टोकात ३० व्होल्टपर्यंत वीज असू शकते आणि साधं यूएसबी ५ व्होल्टचं. कॅमेरा किंवा संगणक, दोघांपैकी एकाचा जीव जायचा.

आमच्या मंडळातल्या एका काकूंकडे त्यांच्या सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाची टेप होती. मुलाने असाच तुकडा आणला होता. सुदैवाने इजा काही झाली नाही, पण चित्रही आलं नाही. आम्ही जुना लॅपटॉप काढला. कॅमेऱ्याच्या चार पिनांवरून फायरवायर ८०० च्या नऊ पिना, तिथून थंडरबोल्ट २ आणि पुढे थंडरबोल्ट ३, अशी तीन सांध्यांची मिरवणूक लावली. इथे प्रत्येक सांधा पुढच्याची भाषा जाणणारा होता, म्हणून गाडी चालली. तासाच्या टेपला तासच लागतो आणि सुमारे १३ गिगाबाइट जागा. त्या तासात काकू खुर्चीवरून हलल्या नाहीत. सासूबाई पडद्यावर कोणाला तरी ‘जेवलास का रे?’ विचारत होत्या. तो ‘कोणाला तरी’ म्हणजे काकूंचे यजमान. ते आता नाहीत.

ही मिरवणूक उद्याही निघेल, याची खात्री देता येत नाही. २०२५ साली आलेल्या मॅकओएस २६ मध्ये फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे. म्हणून फायरवायरचं पोर्ट असलेला जुना संगणक घरात असेल, तर तो इतक्यात रिसायकलिंगला देऊ नका आणि त्याची सिस्टिम अपडेटही करू नका.

भारतातून आलेल्या टेपांचा आणखी एक पेच असतो. तिकडे पाल, इकडे एनटीएससी. पालच्या चित्रात ६२५ रेषा, एनटीएससीत ५२५. चित्रांचा वेगही निराळा. इथला साधा व्हीसीआर तिकडच्या लग्नाची टेप दाखवत नाही. दोन्ही पद्धती जाणणारा व्हीसीआर शोधावा लागतो. पण चित्रण कुठे केलं यापेक्षा कुठल्या कॅमेऱ्याने केलं हे महत्त्वाचं. इथून नेलेल्या कॅमेऱ्याने सांगलीत घेतलेलं चित्रणही एनटीएससीच असतं.

जुन्या हार्डडिस्कचं काम त्या मानाने सोपं. रुंद पट्टीची आयडीई असो वा अरुंद साटा, दोन्हींना यूएसबीशी बोलायला लावणारा दुभाष्या मिळतो. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर लागतो, तेवढा सोबत आहे ना ते बघून घ्या.

तर येत्या लाँग वीकेंडला खोका वर आणा. आधी टेपा, मग डिस्क, केबली सगळ्यात शेवटी. प्रत्येक टेपवर काय आहे ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहून ठेवा, कारण ते सांगणारा दुभाष्या कुठल्याच दुकानात मिळत नाही. उतरवलेल्या फायलींची एक प्रत घरी ठेवा आणि एक पुण्या-नाशिकच्या भावाबहिणीकडे पाठवा. आणि शेजारच्या मराठी घरात फायरवायरची केबल नसेल, तर आपली द्या. वाटीभर साखरेसारखी ती परत येईलच असं नाही, पण सत्कारणी नक्की लागेल.