मेसरश्मिटच्या शेपटीवर काय चिकटवायचं?

किल्लारीहून बोलतोय. मागच्या भागात मेसरश्मिट 109 च्या किटला रंग दिला, आज डिकल लावूया. डिकल म्हणजे कागदावर छापलेली खुणांची पातळ फिल्म. 1:72 मापात हे अख्खं विमान साधारण साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे काही आकडे ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक. हातात चिमटा घ्या आणि पंखा बंद करा.

खरबरीत रंगावर डिकल लावलं तर खाली हवा अडकते आणि फिल्म चंदेरी चमकते. म्हणून आधी चकचकीत वार्निशचा एक हात, मग डिकल, सगळ्यात शेवटी मॅट वार्निश. कापलेला तुकडा वीस-तीस सेकंद पाण्यात बुडवा, बाहेर काढून मिनिटभर थांबा. बोटाने हलकंच ढकलल्यावर फिल्म सरकली की झालं. ओढायची नाही, सरकवायची. पाणी मात्र फिल्टरचं घ्या. बोअरच्या पाण्यातला क्षार वाळला की पांढरे डाग पडतात.

माझ्या शीटवर ‘पिवळा 14’ आहे. हान्स-योआखिम मार्सेय या वैमानिकाचं, 1942 मधलं, उत्तर आफ्रिकेतल्या वाळवंटातलं विमान. त्याच्या सुकाणूवर बारीक रेघा असतात. एक रेघ म्हणजे पाडलेलं एक विमान. त्याच्या नावावर एकूण 158 विमानं लागली. त्याच वाळवंटात आपली माणसंही होती बरं का! 21 जून 1942 ला तोब्रुक पडलं, तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन तिथे जर्मनांच्या कैदेत गेली. त्यामुळे या रेघा चिकटवताना मला नुसता पराक्रम दिसत नाही. पुढे मार्सेय बिघडलेल्या विमानातून उडी मारताना गेला. वय 22. तारीख 30 सप्टेंबर. किल्लारीच्या माणसाला ही तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

आता अवघड डिकल, शेपटीच्या उभ्या पंखावरचं. आजीने शीट पाहिली आणि म्हणाली, “अरे, हे तर आपलं स्वस्तिक! कुंकू लावू का?” मी म्हटलं, “आजी, थांब!” आपलं स्वस्तिक सरळ उभं, चार घरांत चार ठिपके, लक्ष्मीपूजनाला उंबऱ्यावर काढायचं. हे पंचेचाळीस अंशांत तिरकं. 1920 मध्ये नाझी पक्षाने ते आपलं चिन्ह केलं, 1935 मध्ये ते देशाच्या झेंड्यावर गेलं, आणि त्याच राजवटीने साठ लाख ज्यू मारले. जर्मनीत दंडसंहितेच्या 86अ कलमाखाली ते जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, इतिहास यांना सूट. म्हणून कित्येक किटमध्ये ते नसतंच, किंवा दोन तुकड्यांत छापलेलं असतं.

मी ते लावतो. नाही लावलं तर विमान उगाच निष्पाप दिसतं. पण खाली छोटं कार्ड ठेवतो: कुणाचं विमान, कोणत्या राजवटीसाठी उडालं. शाळेच्या प्रदर्शनात ठेवणार असाल तर आधी सरांना विचारा. लहान पोरं कार्ड वाचत नाहीत, नुसतं चिन्ह बघतात.

दोन तुकडे असतील तर पहिला पूर्ण वाळू द्या, मगच दुसरा. मधे केसाएवढी फट राहिली तर बारीक ब्रशने काळा रंग टेकवा. पुढच्या भागात धूळ आणि धुराचे डाग!