घरात आजारपण असताना मुलांची दिवाळी

कोजागिरी झाली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. औषधांची चिठ्ठी हातात घेऊन उठता उठता घरातली सून किंवा मुलगा दाराशी थांबतो आणि हळूच विचारतो, "डॉक्टरसाहेब, घरात हे असं आजारपण. यंदा दिवाळी करावी की नाही?"

प्रश्न वरवर साधा दिसतो, पण त्यामागे बऱ्याच गोष्टी असतात. पैसा औषधांत गेलेला असतो. घरातली बाई रात्रीच्या जागरणाने थकलेली असते. शिवाय शेजारपाजारचे काय म्हणतील ही धास्ती असतेच. माणूस अंथरुणाला खिळलाय आणि यांना आकाशकंदील सुचतोय, असे कोणी म्हणू नये म्हणून कित्येक घरांत दिवाळीच्या चारही दिवशी दार लोटून घेतलेले असते. कोणी गेले तर त्या वर्षी सण न करण्याची आपल्याकडे रीत आहे. पण ज्या घरात रुग्ण हयात आहे, औषध घेतो आहे, आपल्या माणसांकडे बघतो आहे, त्या घराला ही रीत लावण्याचे कारण नाही.

ज्या घरात दहा वर्षांखालची मुले आहेत, तिथे तर मी स्पष्टच सांगतो की दिवाळी करा. छोटी करा, पण करा. लहान मुलाला आजाराचे नाव कळत नाही, रिपोर्ट कळत नाहीत. त्याला एवढेच कळते की घरात काहीतरी बिघडले आहे. अशा वेळी दारात कंदील लागला, सकाळी तेल-उटणे लागले, की घर अजून जागेवर आहे हे त्याला समजते. हा आधार त्याला शब्दांनी देता येत नाही.

मुलांच्या मनात काय चालते?

मोठी माणसे म्हणतात, "त्याला काय कळतंय, तो आपला खेळतोय." हा मोठा गैरसमज आहे. तीन ते सात-आठ वर्षांच्या मुलांना वाटते की जे घडते ते आपल्यामुळेच घडते. पाच वर्षांच्या एका मुलीची आई ऐन दिवाळीत ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. मुलगी जेवेना, रात्री अंथरूण ओले करू लागली. घरच्यांना वाटले जंत झाले असतील. तपासताना तिच्याशी थोडे बोललो तेव्हा कळले की आईने उचलून घ्यावे म्हणून तिने हट्ट केला होता आणि त्याच रात्री आईच्या पोटात दुखू लागले होते. त्या पोरीने आईचे आजारपण दोन आठवडे स्वतःच्या माथ्यावर घेतले होते. "तुझ्यामुळे नाही गं बाळ, पित्ताशयात खडे झाले होते," एवढे सांगितल्यावर ती रडली आणि त्या रात्री जेवली.

सुटलेली सवय पुन्हा लागणे, अंगठा चोखणे, सतत बिलगणे, चिडचिड, पोटदुखीची तक्रार ही काळजीची लक्षणे असू शकतात. मूल लाडावले असे म्हणून रागावू नका.

मुलांना काय सांगावे?

मुलांशी खोटे बोलू नये. "बाबा गावाला गेलेत" असे सांगितले आणि शेजारच्या पोराने खरे सांगितले, तर मुलाचा तुमच्या पुढच्या शब्दावर विश्वास राहत नाही. तीन गोष्टी सोप्या भाषेत सांगा. एक, आजाराचे नाव आणि तो कुठे झाला आहे. दोन, हा आजार तुझ्यामुळे किंवा तू हट्ट केल्यामुळे झालेला नाही. तीन, आई झोपून असली तरी तुला जेवू कोण घालील आणि शाळेत कोण सोडील.

"दिवाळीपर्यंत आजी बरी होईल" असे वचन मात्र देऊ नका. ते पाळणे आपल्या हातात नसते. "डॉक्टर औषध देत आहेत, आपण तिची काळजी घेतो आहोत," इतके पुरे. तुमच्या डोळ्यांत पाणी आले तर लपवू नका. "मला वाईट वाटतंय, पण मी इथेच आहे," असे सांगा.

कमी करा, बंद करू नका

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सगळे करायला जाल तर घरातल्या बाईचे हाल होतील. मुलालाच विचारा, "तुला दिवाळीतलं काय सगळ्यात आवडतं?" बहुधा उत्तर साधे असते. कोणाला किल्ला हवा असतो, कोणाला पहाटेची आंघोळ, कोणाला दारातली रांगोळी. अशा दोन-तीन गोष्टी धरा, बाकीच्या यंदा सोडा. फराळ बचत गटाकडून किंवा ओळखीच्या बाईंकडून विकत आणा. बहीण, जाऊ, शेजारीण मदत विचारत असतील तर "नको नको" म्हणू नका. चकल्यांचा घाणा त्यांच्यावर सोपवा.

रुग्णाला सणात घ्या, पण त्याच्या सोयीने. प्रत्येक रुग्णाची दिवसातली एक बरी वेळ असते. कोणाला सकाळी दहाला तरतरी असते, कोणाला संध्याकाळी. ओवाळणे त्या वेळी ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांत आटपा. पहाटे चारला थंडीत अशक्त माणसाला आंघोळ घालण्याची गरज नाही. कोमट पाण्याने अंग पुसून कपाळाला उटण्याचे बोट लावले तरी सण झाला.

मुलाला एक लहानसे काम द्या. पाण्याचा तांब्या भरून ठेवणे, उशाशी फूल ठेवणे, किल्ल्याची बातमी रोज सांगणे. एका घरात अर्धांगवायू झालेल्या आजोबांच्या खिडकीसमोरच नातवाने किल्ला केला. आजोबांची वाचा अडखळत होती. नातू रोज विचारी, "आजोबा, हा कोणता बुरूज?" आणि आजोबा जमेल तसे सांगत. वाचेचा तो व्यायाम सांगितला असता तर त्यांनी कदाचित केला नसता. मात्र औषध पाजणे, रात्री लक्ष ठेवणे ही कामे मुलावर टाकू नका.

कोणत्या आजारात काय जपावे?

दमा व फुफ्फुसाचे आजार : फटाक्यांबरोबरच घराची झाडलोट, रंगाचा वास, तळणीचा धूर आणि उदबत्ती यांनीही दम उसळतो. साफसफाई होत असताना रुग्णाला दुसऱ्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे बसवा. तळताना खिडक्या उघड्या ठेवा. नागगोळी आवाज करत नाही म्हणून आपण ती लहानग्यांच्या हाती देतो, पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मोजणी केली तेव्हा सूक्ष्म धूलिकण सर्वांत जास्त नागगोळीतूनच निघाले. फुलबाजीही निर्धोक नाही. 'हरित' फटाक्यांचा धूर कमी असतो, पण असतोच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. त्या सुमारास रुग्णाच्या खोलीची दारे-खिडक्या बंद ठेवा, आणि नेहमीचा पंप म्हणजे इनहेलर हाताशी असू द्या. बरे वाटते म्हणून रोजचा पंप बंद करू नका.

क्षयरोग (टीबी) : ताट-वाटी, कपडे यांतून टीबी पसरत नाही. फुफ्फुसाच्या टीबीत तो खोकल्यातून, हवेतून पसरतो. योग्य औषधे नियमित सुरू झाली की संसर्गाचा धोका काही आठवड्यांतच पुष्कळ कमी होतो. तुमच्या रुग्णाचा धोका किती कमी झाला हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या. तोवर रुग्णाने तोंडाला मास्क लावावा, आणि ओवाळणे बंद खोलीऐवजी ओटीवर, अंगणात मोकळ्या हवेत करावे. घरातल्या लहान मुलांची तपासणी जरूर करून घ्या. आजार नसलेल्या मुलांना प्रतिबंधक औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. बीसीजी टोचले आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गावाला जाणार असाल तर गोळ्या बरोबर न्या, एकही दिवस चुकवू नका.

कॅन्सर : कॅन्सर संसर्गजन्य नाही. मुलाने आईच्या कुशीत शिरायला हरकत नाही. पण केमोथेरपीनंतर, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतूही जड जातो. त्या दिवसांत सर्दी-खोकला, ताप किंवा कांजिण्या असलेल्या पाहुण्यांना नम्रपणे "नंतर या" सांगा. मुलांना साबणाने हात धुऊन जवळ येऊ द्या. घरचे ताजे पदार्थ चालतात, उघड्यावरची खव्याची मिठाई व कापून ठेवलेली फळे नकोत. अशा रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर दिवाळी असो वा मध्यरात्र, लगेच दवाखाना गाठा. रेडिएशनचे शेक चालू असतील तर त्या जागेवर तेल-उटणे लावू नये आणि तिथल्या खुणा पुसू नयेत. केस गळणार असतील तर मुलांना आधीच सांगा, म्हणजे ती दचकणार नाहीत.

मूत्रपिंडाचा आजार : चिवडा, शेव यांतले मीठ आणि सुका मेवा, केळी, शहाळे यांतले पोटॅशियम या रुग्णांना घातक ठरते. "एवढ्याने काय होतंय" असा आग्रह करू नका. सुट्टीतले डायलिसिसचे वार आधीच पक्के करून घ्या. सणासाठी डायलिसिस चुकवणे जिवावर बेतू शकते.

मधुमेह व रक्तदाब : फराळ हा जेवणाच्या जोडीला नव्हे, जेवणातला भाग कमी करून थोडा घ्यावा. गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने वाढवू-घटवू नये.

सुट्टी लागण्यापूर्वी

लक्ष्मीपूजन ते भाऊबीज या दिवसांत बरीच औषधांची दुकाने आणि दवाखाने बंद असतात. म्हणून धनत्रयोदशीपूर्वीच पुढची कामे उरकून घ्या.

– दहा दिवसांची औषधे घरात आणून ठेवा.
– कोणते डॉक्टर, कोणते रुग्णालय सुरू आहे ते विचारून कागदावर लिहा आणि तो कागद भिंतीला लावा. १०८ हा रुग्णवाहिकेचा मोफत क्रमांकही त्यावर लिहा.
– आजी-आजोबांच्या गोळ्या कुलूपबंद ठेवा. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या एक-दोन गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर उठू शकतात. पाहुण्यांच्या पिशवीतली औषधेही उंचावर ठेवायला सांगा.
– २०२० नंतर पुष्कळ घरांत ऑक्सिजनचे यंत्र किंवा सिलिंडर आले आहे. त्या खोलीत पणती, निरांजन, उदबत्ती काही पेटवू नका. ओवाळायचे असेल तर फक्त अक्षता-सुपारी घेऊन ओवाळा. सॅनिटायझर लावलेले हातही ज्योतीजवळ नेऊ नका.
– भाजल्यास नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नका.

रुग्ण रुग्णालयात असेल तर

काही घरांत ऐन दिवाळीत आई किंवा बाबा रुग्णालयात असतात. वॉर्डात लहान मुलांना सोडत असतील तर नेण्याआधी सांगून ठेवा : हाताला सलाईन असेल, नाकाला नळी असेल, बाबा जास्त बोलणार नाहीत. पाच मिनिटे पुरतात. सोडत नसतील तर मोबाईलवर चेहरा दाखवा, मुलाने काढलेले चित्र उशाशी पोचवा. डिस्चार्ज मिळाल्यावर एखाद्या संध्याकाळी घरात पुन्हा चार पणत्या लावा. उशिरा ओवाळले म्हणून बहिणीची माया कमी होत नाही.

बरे होण्याची आशा नसेल तर

हा भाग लिहिणे जड जाते, पण टाळता येत नाही. काही रुग्ण पुढची दिवाळी पाहणार नाहीत हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असते. अशा घरांत तर मुलांना रुग्णापासून दूर मामाकडे धाडू नये. मूल विचारील, "आजोबा मरणार का?" त्याला झिडकारू नका. "आजार फार मोठा आहे, औषध आता फक्त दुखणं कमी करतंय. आज आजोबा आपल्याजवळ आहेत," असे सांगा. दुखणे कमी करण्याची औषधे असतात, ती मागून घ्या. सणाच्या दिवशी रुग्ण कण्हत पडून राहणार नाही एवढे पाहणे हे आम्हा डॉक्टरांचे काम आहे, आणि तसे सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. आजोबांच्या हातून नातवंडाला ओवाळणीचे दहा रुपये मिळू द्या. त्या मुलाला पुढे आजारपण आठवेल तसे हेही आठवेल.

शेवटी घरातल्या सेवा करणाऱ्या व्यक्तीसाठी एक सांगणे. चार दिवसांत निदान एक दुपार तुम्ही झोपून काढा. रुग्णाजवळ तेवढा वेळ दुसऱ्या कोणाला तरी बसवा आणि मुलांच्या ताटात फराळ वाढताना स्वतःच्या ताटातही एक करंजी वाढून घ्या. रुग्णाची आणि मुलांची भिस्त तुमच्यावर आहे.