आजोबाचा कडा आणि पाताळातला कातळ

ठाणे जिल्ह्यातल्या शेणव्यातून पूर्वेकडे बघितलं की सह्याद्रीची काळी भिंत आडवी येते. पाऊस ओसरून हवा स्वच्छ झाली की आजोबा डोंगराच्या कड्यातले थर वेगवेगळे दिसू लागतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचाच हा बेसॉल्ट. आता सुरतेच्याही पलीकडे, खंबायतच्या आखातापाशी चला. हाच कातळ तिथेही आहे, पण दिसत नाही. समुद्रतळाच्याही खाली, हजारो मीटर गाळाखाली तो गाडला गेलाय. लाव्हा एकच, इथे ढगांना टेकलेला आणि तिथे पाताळात!

झालं असं, की तिथे जमिनीला उत्तर-दक्षिण लांबलचक भेगा गेल्या आणि मधला पट्टा खचत गेला. साबरमती, मही, नर्मदा, तापी या नद्या त्या खोलगटात गाळ ओतत राहिल्या. 1960 मध्ये अंकलेश्वरला तेल सापडलं, ते याच गाळाच्या पोटात. समुद्रानेही आत शिरून तीन बाजूंनी जमिनीने वेढलेलं एवढं मोठं पाणी तयार केलं. हे आखात.

आपल्याकडे मात्र खाड्या. शेणव्याच्या शिवारात पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांतून भातसा नाहीतर काळू गाठतो, भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला, आणि सगळं पाणी पुढे वसईच्या खाडीला. नदीच्या मुखात समुद्र शिरला की खाडी होते. आखाताला त्याहून मोठी जागा लागते. पण दोन्हीकडचं पाणी तसं अलीकडचं. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. खंबायतचं आखात तेव्हा कोरडं होतं. ज्याच्या नावाने आपण ‘आखाती देश’ म्हणतो ते इराणचं आखातही कोरडंच! तिथे टँकरखाली आज जो तळ आहे, त्यावरून तेव्हा माणसाला पायी जाता आलं असतं.

खरी गंमत भरतीची आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला गोव्यात पाणी साधारण दोन मीटर चढतं, मुंबईत पाचाच्या आसपास आणि भावनगरला दहाच्याही वर. समुद्र तोच, चंद्रही तोच. फरक पडतो तो तळाच्या आणि किनाऱ्याच्या घडणीमुळे. मुंबईपासून पश्चिमेला उथळ तळ तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलाय, दक्षिणेला तो अरुंद होत जातो. रुंद उथळ तळावरून येताना भरतीची लाट फुगते. पुढे तिला आखात भेटतं, तोंडाशी ऐसपैस आणि आत चिंचोळं, अगदी नरसाळं. बाजूला सरकायला जागा नाही, मग पाणी वर चढतं.

याचा सर्वांत धाडसी उपयोग भावनगरजवळच्या अलंगला होतो. मोडीत काढायचं जहाज उधाणाची वाट बघत थांबतं, भरती टिपेला आली की पूर्ण वेगाने सरळ किनाऱ्यावर घुसवतात. पाणी ओसरलं की ते अवाढव्य धूड चिखलात उभं! कामगार पायी त्याच्यापर्यंत जातात आणि गॅस कटरने पत्रा कापायला लागतात. कोरडी गोदी लागत नाही. 1983 पासून निम्मं काम समुद्रच करतोय.

या नरसाळ्यात महाराष्ट्राचाही वाटा पडतो. तापी भुसावळवरून जाते, नाशिकच्या डोंगरातली गिरणा तिला मिळते, आणि खानदेशाची काळी माती पुरासोबत आखातात उतरते. ती मातीही बेसॉल्टच झिजून झालेली. म्हणजे वर राहिलेला कातळ कणाकणाने खाली गेलेल्याच्या अंगावर जाऊन पडतोय.

आखाताच्या टोकाला खंबायत शहर आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथे आला, तेव्हा ओहोटीला चिखलात बसलेली आणि भरतीला पुन्हा तरंगणारी जहाजं त्याने पाहिली. पुढे मही आणि साबरमतीच्या गाळाने ते बंदर भरत गेलं, आणि व्यापार सुरतेला गेला.