वीस हजार संतांच्या वाटेवरचं आबरडॅरन

वेल्सच्या वायव्येकडील लीन द्वीपकल्पाच्या टोकाला आबरडॅरन हे छोटं गाव आहे. द्वीपकल्पाच्या टोकापासून तीनेक किलोमीटरवर बार्डसी बेट आहे. तिथल्या मठाची स्थापना संत काडव्हान यांनी सहाव्या शतकात केली, अशी परंपरा. बेटावर वीस हजार संत चिरनिद्रा घेत आहेत, अशी श्रद्धा असून मध्ययुगात तिथल्या तीन वाऱ्या रोमच्या एका यात्रेइतक्या पुण्याच्या मानल्या जात. आर्थर राजाचा जादूगार मर्लिन याच बेटावर काचेच्या महालात झोपला आहे, ही दंतकथाही वेल्समध्ये सांगतात.

होडीची वाट पाहणारे यात्रेकरू आबरडॅरनलाच थांबत. समुद्राला अगदी खेटून उभं असलेलं सेंट हविनचं चर्च हे गावाचं खरं वैभव. त्याचा दरवाजा बाराव्या शतकातला आहे. वेल्श कवी आर. एस. थॉमस 1967 ते 1978 या काळात इथे धर्मगुरू होते. गावात आजही वेल्श भाषा कानावर पडते.

किनारा आणि बेट यांच्यामधल्या सामुद्रधुनीतले प्रवाह फार जोरकस आहेत. बेटाची होडी जवळच्या पोर्थ मेदूईहून सुटते, तीही हवामान अनुकूल असेल तरच. म्हणून जाणाऱ्यांनी एखादा दिवस हाताशी जास्त ठेवावा.