आधी श्रवण, मग सल्ला

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सोमवार हा गर्दीचा वार. रविवारभर अंगावर काढलेलं दुखणं त्या दिवशी केसपेपरच्या रांगेत उभं राहतं. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाखांवर होती. त्यानंतर इथे किती टॉवर उभे राहिले ते सगळ्यांना दिसतंच आहे. लोकलने रोज चर्चगेट गाठणारा माणूस अर्ध्या दिवसाची रजा टाकून येतो, दोन तास बाकावर बसतो आणि डॉक्टरांसमोर जेमतेम दोन मिनिटं. हा आकडा मी अंदाजाने लिहिलेला नाही. ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१७ साली ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेचा आढावा आला होता. भारतात प्राथमिक पातळीवर सरासरी दोन मिनिटांच्या आसपास, बांगलादेशात ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये २२ मिनिटांहून जास्त.

रांग लहान करणं एकट्या डॉक्टरच्या हातात नाही. त्या दोन मिनिटांत आधी कोण बोलतं, हे मात्र आहे. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ तपासण्यांचं ध्वनिमुद्रण ऐकलं. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला तोडलं होतं. मग स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या डॉक्टरांनी उलटा प्रयोग केला: रुग्ण स्वतःहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. ३३५ रुग्णांची सरासरी निघाली ९२ सेकंद. दर पाचांतल्या जवळपास चौघांचं बोलणं दोन मिनिटांत संपलं होतं. ‘बोलू दिलं तर हे दिवसभर बोलतील’ ही आम्हा डॉक्टरांची भीती निदान त्या प्रयोगात तरी खोटी ठरली.

मला यात आपल्याकडची एक जुनी गोष्ट दिसते. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची. कीर्तन दुसरं. समर्थांच्या दासबोधातही चौथ्या दशकाची सुरुवात श्रवणभक्तीनेच होते. आम्ही दवाखान्यात (आणि घरातही) क्रम उलटा करतो. कीर्तन आधी सुरू होतं आणि श्रवणाला वेळच उरत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. समोरच्याच्या मनाला उद्वेग होणार नाही, खरं असेल, गोड असेल आणि हिताचंही असेल, असं बोलणं. ‘तुमची शुगर ३०० आहे’ हे उद्वेग न होऊ देता सांगायचं, हे खरोखर तपच आहे. नुसतं गोड बोलून भागत नाही, नुसतं खरं बोलूनही नाही.

उत्तनच्या एक मावशी रक्तदाबासाठी येत. गोळ्या चालू, तरी वरचा आकडा १७०च्या खाली उतरेना. केसपेपरवर तीनदा ‘मीठ कमी’ असं लिहिलेलं. जुलै महिना होता. ‘मावशी, सध्या ताटात काय काय असतं?’ एवढं विचारून मी पेन खाली ठेवलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे घरात सुकं. त्या म्हणाल्या, बोंबील नुसता उन्हात वाळवतात, त्याला मीठ लागत नाही. मीठ असतं खाऱ्यात, म्हणजे मिठात मुरवलेल्या मासळीत. आणि खारा रोज, कारण सून कामावर जाते. तुकडा तळला की भात खाऊन होतो. पुढे आणखी एक गोष्ट निघाली. पहाटे बाजाराला निघायच्या गडबडीत सकाळची गोळी आठवड्यातून तीन-चार वेळा राहते. सगळं मिळून दीड मिनिट लागलं असेल.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभर मिठापेक्षा कमी खा. हे मावशींना सांगून उपयोग नव्हता. खाऱ्यात मीठ किती, ते चमच्याने कोण मोजणार? मी विचारलं, ‘यातलं काय बदलायला जमेल?’ त्यांनीच ठरवलं: खारा आठवड्यातून एकदा, तोही पाण्यात भिजवून, एरवी बोंबील. गोळीची वेळ बदलायला हरकत नव्हती. त्या रोज संध्याकाळी रोझरीची माळ धरतात, ती झाली की गोळी. दोन महिन्यांत आकडा १४०च्या घरात आला.

कोचिंग म्हटलं की आपल्याला दहावीचे क्लास आठवतात. वैद्यकात त्याचा अर्थ साधारण असा: सल्ला देण्याऐवजी प्रश्न विचारून रुग्णाकडूनच त्याचा मार्ग काढून घेणं. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली दारू सोडवण्याच्या संदर्भात ही पद्धत मांडली. पुढे मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांसाठीही ती वापरली जाऊ लागली. घरीही जमते. ‘पुन्हा गोड खाल्लंत ना, बाबा?’ असं विचारलं की बाबा पुढचा पेढा लपून खातात. ‘संध्याकाळी भूक लागते तेव्हा काय द्यायचं?’ असं विचारून पाहा.

ऐकायला आधी स्वतः शांत असावं लागतं. साठावा रुग्ण आत येताना मी एक श्वास सावकाश सोडते, मगच बोलते. हा काही चमत्कार नाही, साधं शरीरविज्ञान आहे. इटलीच्या लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांवर अभ्यास केला. लॅटिन रोझरी म्हणताना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ जपताना, दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाबाचा तोल सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. भाईंदरची जपमाळ आणि उत्तनची रोझरी छातीच्या पिंजऱ्यात एकाच लयीत चालतात, हे मला फार आवडतं. अभ्यास छोटा आहे, त्यावरून माळ हे रक्तदाबाचं औषध ठरत नाही.

झाडांचंही तसंच. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ जणांची तुलना रॉजर उलरिच यांनी १९८४ साली मांडली. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. आपल्याकडे प्रत्येक खिडकीबाहेर झाड नाही, पण जेसल पार्कची चौपाटी आहे, खाडीकाठची खारफुटी आहे, घोडबंदरच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. भरती-ओहोटी बघत वीस मिनिटं चालावं, फोन खिशात ठेवून. सोबत कुणी असेल तर त्याला बोलू द्यावं.

मात्र छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं किंवा हातपाय अचानक लुळे पडणं, यातलं काहीही झालं तर माळेचे १०८ मणी नंतर. आधी १०८ क्रमांकावर फोन. आणि बरं वाटू लागलं म्हणून चालू असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.